कासाबाईचा मेंढा

झरी गावात लोक सांगतात, मेंढरं राखणाऱ्या कासाबाईनं पत्त्याच्या डावात सटवाजी पैलवानाचा कान विळ्यानं कापला. साफ खोटं! तिनं तो दातानं तोडला. मी समोरच होतो.

बाजारच्या दिवशी घोंगडीवर डाव बसला होता. हातात दोन-दोन पानं झाकलेली. मधली तीन उघडी, ती दोघांचीबी. सटवाजीनं निजामाचे पाच हाली रुपये लावले, तिनं कळपातला एकुलता मेंढा. मधे दोन राजे पडले अन् सटवाजी वळूवानी डुरकला, "जोडी आली माझी!"

"येड्या, ती तर मलाबी आली," कासाबाई म्हणाली. "तुज्या हातात काय हाय ते बोल."

त्याच्या हातात दुर्री अन् चौकी. तिच्या हातात तिसरा राजा!

सटवाजीनं मेंढ्याचं शिंग धरलं आणि काठीनं तिचा उजवा हात मोडला. हाड कडकन वाजलं. तिनं डाव्या हातानं त्याची मान आवळली अन् कान तोडून थुंकला. पानं रक्तानं भिजली. पैलवान बोंबलत पळाला, मेंढा राहिला.

मी म्हणालो, "मावशे, पुढच्या बाजारी पत्ते पिसून दाखवलेस, तर माझ्या नव्या वहाणा तुझ्या."

पुढच्या बाजारी तिनं मोडका हात गळ्यात बांधला होता. दुसऱ्या हातानं अन् पायाच्या बोटांनी तिनं पत्ते पिसले. मी अनवाणी घरी गेलो.