अप्पांचा सपत्नीक सत्कार

माझ्या सासऱ्यांनी चाळीस वर्षांत असंख्य मासे पकडले आणि एकही खाल्ला नाही.

खाणार कसे? आमचं सोलापुरातलं घर म्हणजे कडक शाकाहारी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर अंड्याचं चित्रसुद्धा चालत नाही. (एकदा पोल्ट्रीवाल्याचं कॅलेंडर आलं, तर माझ्या सासूबाईंनी, म्हणजे अव्वांनी, ते भिंतीकडे तोंड करून टांगलं. ते वर्षभर आम्ही तारखा अंदाजाने काढल्या.) अशा घरातल्या अप्पांना कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर असताना एका जुन्या मिस्त्रीने गळाची काठी हातात दिली, आणि ती पुढे सुटलीच नाही. दर रविवारी उजनीचा काठ. मासा पकडायचा, वजन करायचं, ओल्या हातांनी धरून एक फोटो काढायचा, आणि "जा बाबा" म्हणून परत पाण्यात सोडायचा! कुठकुठल्या धरणांवरच्या स्पर्धा त्यांनी जिंकल्या. दहा-बारा किलोचा कटला त्यांच्याकडे असा निमूट यायचा, की बाकीचे गळवाले नुसते बघत राहायचे.

माझं माहेर त्याच उजनीच्या काठावरचं. अप्पा माझ्या वडिलांच्या होडीतून पाण्यात जायचे आणि संध्याकाळी त्यांना न्यायला त्यांचा मुलगा मोटरसायकलवरून यायचा. तो हळूहळू दुपारीच यायला लागला. मग सकाळीच यायला लागला. पुढचं सांगायला नको. अप्पांनी उजनीतून घरी आणलेला आणि परत न सोडलेला एकमेव जीव म्हणजे मी.

लग्नात मी अव्वांना शब्द दिला होता, "आजपासून मासा बंद." शब्द पाळलाही. घरात पाळला. बाकी महिन्यातून एका शनिवारी माझ्या गावच्या सुरेखाकडे भजन असतं, तिथे मी न चुकता जाते. सुरेखा उजनीतली ताजी चिलापी फार छान तळते.

आता खरी गंमत अशी, की अप्पा गळ टाकतात हे अव्वांना माहीत नव्हतं! लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी त्यांनी विचारलं होतं, "कुटं निघालाव?" आणि नवीन नवरीला घाबरून अप्पा म्हणाले होते, "माशांना कणकेच्या गोळ्या घालायला." ते खोटंही नव्हतं. गोळी माशाच्या तोंडात जायचीच की! फक्त गोळीच्या आत काय होतं, तेवढं सांगायचं राहिलं.

माशांना कणीक घालणं हे केवढं पुण्य! अव्वा हरखल्या. तेव्हापासून दर रविवारी पहाटे आंघोळ करून, शिवाचं नाव घेत त्या कणीक मळायला लागल्या. त्यात शेंगदाण्याची पेंड, गूळ, वेलची. ("मुक्या जिवाला गोड नको?") एकदा अप्पांनी चाचरत सांगितलं, "त्यात जरा कापूस घाल. गोळी पाण्यात लगेच फुटतीया. बारक्या माशांस्नी पोटभर मिळत न्हाय." अव्वांनी कापूस घातला. गिरण्यांच्या गावात कापसाला काय तोटा?

ती कणीक उजनीभर गाजली. तिचा रंग हळदुला का, यावर गळवाल्यांत भांडणं व्हायची. कोणी म्हणे अंड्याचा बलक, कोणी म्हणे केशर. एकाने घरी कस्टर्ड पावडर घालून पाहिली. त्याला मासे मिळाले नाहीत, मुंग्या मिळाल्या. अप्पांना विचारलं की ते म्हणायचे, "घरची कणीक हाय, बस्स."

जिंकलेले चषक घरी आणायची सोय नव्हती. ते टेंभुर्णीत त्यांचे दोस्त रफिकभाई यांच्या मोटारपंप दुरुस्तीच्या दुकानात फळीवर ओळीने मांडलेले. गिऱ्हाइकांना वाटायचं, पंपदुरुस्तीच्या पण स्पर्धा असतात वाटतं. रफिकभाईंनी तो गैरसमज कधी दूर केला नाही.

असं सगळं सुखात चाललं होतं. यंदा अप्पांचे गुडघे बोलायला लागले, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि त्यांनी काठी खाली ठेवायचं ठरवलं. हे कळताच हौशी गळवाल्यांच्या मंडळाने टेंभुर्णीच्या मंगल कार्यालयात त्यांचा सत्कार जाहीर केला. पत्रिका आली. अप्पांनी ती दोनदा वाचली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"काय झालं अप्पा?"

"सपत्नीक लिवलंय की गं."

शाल, श्रीफळ, आणि शेजारी बायको! आपल्याकडे माणूस एकट्याने कितीही पराक्रम करो, सत्कार जोडीनेच होतो.

"न्हाय म्हणून कळवून टाक," अप्पा म्हणाले. "माझी तब्येत बरी न्हाय म्हण."

"अप्पा, आयुष्यभराचा सत्कार आहे!"

त्यांनी पत्रिका घडी करून खिशात ठेवली. मग हळूच म्हणाले, "पोरी, चाळीस वरसं तिनं श्रद्धेनं कणीक मळली. ती मी गळाला लावली. हे तिला आता कळलं, तर ती कायसुदिक बोलायची न्हाय. नुसतं बघंल. ते मला बघवायचं न्हाय."

त्यांच्या ऑपरेशन झालेल्या डोळ्यात पाणी आलं. मला राहवेना. या माणसाला त्याचा मानही मिळाला पाहिजे आणि अव्वांचा विश्वासही राहिला पाहिजे, असं मी मनाशी ठरवलं. आणि मोठ्या तोंडाने म्हणाले, "अप्पा, तुम्ही फक्त शाल घ्या. बाकी मी बघते."

(माझ्या नवऱ्याला मी एवढं म्हटल्याचं कळलं, तेव्हा तो म्हणाला, "मी फक्त गाडी चालवणार. मला काही माहीत नाही." माझ्याबरोबर बारा वर्षं काढलेला माणूस आहे तो.)

सूत्रसंचालक होते शाळेतले माने सर. मी त्यांना फोन केला. "सर, भाषणात गळ हा शब्द नको. पकडणे नको. मासेमारी तर नकोच नको."

"मग ताई, मी बोलू काय?"

"मत्स्यसेवा म्हणा."

माझ्या बेताला आणखी एक भक्कम आधार होता. अव्वा अक्कलकोटकडच्या, शाळा कानडी. मराठी घडाघडा बोलतात, पण वाचायला वेळ लावतात. म्हणजे फक्त भाषण सांभाळलं की झालं!

चित्रं वाचावी लागत नाहीत, हे माझ्या लक्षात आलं नाही.

कार्यालयाच्या दारातच दहा फुटी फलक. त्यावर अप्पा, आणि त्यांच्या दोन्ही हातांवर नातवाला घ्यावं तसा धरलेला भलामोठा कटला!

अव्वा थबकल्या. "ह्यो मासा ह्यांच्या हातात कसा गं?"

"आजारी होता," मी म्हणाले.

"कोण?"

"मासा. अप्पा त्याला तपासत होते."

अव्वांनी फलकाकडे पुन्हा एकदा पाहिलं. "आजारी असून हसलालाय की त्यो!" मी त्यांचा दंड धरून त्यांना आत नेलं.

आत आणखी एक घाव. रफिकभाईंनी मायेपोटी दुकानातले सगळे चषक आणून टेबलावर मांडलेले! प्रत्येकावर एकेक मासा उड्या मारतोय. मी खुणा केल्या, डोळे वटारले, पदर टेबलावर पसरायचा प्रयत्न केला. रफिकभाई लांबूनच ओरडले, "टेन्शन नक्को लो बहू! एक बी कप नहीं छोड्या मैं!"

"आणि हे कसले मासे?" अव्वांनी विचारलं.

"मत्स्यावतार," मी म्हणाले. "देवाचा."

"त्यो विष्णूचा. आपण शिवाचे की गं."

तेवढ्यात अव्वांना मंचावर अप्पांशेजारी नेऊन बसवलं. अप्पा खुर्चीत मान खाली घालून, वर्कशॉपात साहेबाची बोलणी खाताना बसावं तसे बसलेले. माने सर उभे राहिले. बिचाऱ्यांनी दिलेला शब्द पाळायचा कसून प्रयत्न केला.

"अप्पांनी आयुष्यभर माशांना... म्हणजे... वर आणलं!" टाळ्या. "तळागाळातल्या माशांना त्यांनी वर काढलं! वजनदार माशांपर्यंत ते पोचले! आणि कार्य झालं, की त्यांनी प्रत्येकाला... आपापल्या घरी पाठवलं!"

मागच्या रांगेतले गळवाले एकमेकांकडे बघायला लागले. एकाने शेजाऱ्याला विचारलं, "अप्पा निवडणुकीला हुबारलेत का काय?"

शाल झाली, नारळ झाला. मी सुटकेचा श्वास सोडणार, तेवढ्यात अध्यक्षांनी सन्मानचिन्ह बाहेर काढलं. हातभर लांबीचा, सोनेरी, लखलखीत गळ! टोकासकट!

तो अव्वांच्याच हातात दिला. त्यांनी उलटसुलट करून पाहिला आणि माझ्याकडे बघितलं.

"हँगर आहे अव्वा!" मी खालून ओरडले. "शाल अडकवायला!"

आणि लगेच माने सर, आपली जबाबदारी संपली असं समजून, उत्साहाने म्हणाले, "आता वहिनींनी दोन शब्द बोलावेत!"

अव्वा उभ्या राहिल्या. आयुष्यात कधी माइक धरला नव्हता त्यांनी. पदर सावरला. अप्पांनी डोळे मिटून घेतले. मीही मिटले.

"माजी सूनबाई लई गुणाची हाय," अव्वा म्हणाल्या. "पर तिला वाटतंय, मला ह्यो गळ वळखू येत न्हाय."

मी डोळे उघडले.

"दर सोमवारी कपडे धुताना ह्यांच्या खिशातनं गळ निघत्यात. एक दिवस बोटात घुसला, तवापासनं आधी खिसे बघती. लोणच्याच्या दोन बरण्या भरल्यात घरी." मागे कोणीतरी खुदकन हसलं. "आणि पुण्य करायला कापूस कशाला लागतोय? एवढं बी कळंना व्हय मला?"

अप्पा खुर्चीतून अर्धे उठले. ते माइकबिइक विसरून म्हणाले, "मग तू... बोलली का न्हाईस?"

अव्वा त्यांच्याकडे वळल्या. आता त्या सभेशी बोलत नव्हत्या.

"पैल्यांदा लई राग आला. मग बगितलं, तुमच्या हाताला माशाचा वास येतोय, पर पिशवीला येत न्हाय. म्हंजी धरताव आणि सोडताव. वर्कशॉपातनं यायचा तवा त्वांड एवढुसं असायचं तुमचं. उजनीवरनं यायचा तवा गाणं म्हनत यायचा. म्हटलं, आपल्या माणसाला सुख कशात हाय ते कळलं, तर आपण कणीक मळावी. पर त्या मुक्या जिवांच्या तोंडाला जखम हुती की वो. म्हणून मी कणकेत हळद घालती. चाळीस वरसं. जखम लवकर भरती."

मग मागच्या रांगेत एक म्हातारा गळवाला कपाळावर हात मारून म्हणाला, "आयला, हळद व्हय!"

आणि सगळं सभागृह उठून उभं राहिलं. रफिकभाई उपरण्याने डोळे पुसत होते. अप्पांनी अंगावरची शाल काढली आणि अव्वांच्या खांद्यावर घातली. ती नीट बसेना, तीन वेळा घसरली.

"अय्यो शिवने, साकु! पुरे की वो!" अव्वा पुटपुटल्या. "माणसं बघायल्यात." पण त्यांनी शाल काही काढली नाही. मी सुनेची सगळी लाज सोडून भोकाड पसरून रडले.

परतीच्या वाटेवर अप्पा गाडीत पुढे बसून गाणं गुणगुणत होते. मागे अव्वा, मी, आणि आमच्या दोघींच्या मध्ये तो सोनेरी गळ. माझं मन भरून आलं होतं. मी अव्वांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "अव्वा, तुमच्यासारखं दुसऱ्याचं गुपित पोटात ठेवणारं माणूस मी पाहिलं नाही."

अव्वांनी माझा हात नाकापाशी नेला, हुंगला आणि परत माझ्या मांडीवर ठेवला.

"काल भजन हुतं न्हवं तुजं?"

"हो..."

"लिंबू चोळून बी जात न्हाय त्यो वास. टाळ वाजवून येतोय व्हय हाताला?"

पुढे नवऱ्याने गाडीचा वेग उगाचच वाढवला. अप्पांचं गाणं थांबलं. मी खिडकीबाहेर बघायला लागले.

"ह्यांचं मी इतकी वरसं चालवून घेतलं," अव्वा शांतपणे म्हणाल्या, "कारण ह्यांचा मासा परत पाण्यात जातोय. तुजा कुटं जातोय, ते सांग की."