बाकांचं जहाज

“एम्बार्क!” मी हुकूम सोडला. इन्स्पेक्टरसाहेब मागे खुर्चीत पेन्सिल धरून बसले होते. आठवीची पोरं मधोमध मांडलेल्या चार बाकांपाशी आली. ज्यांच्या पायात वहाणा होत्या त्यांनी त्या काढल्या. ज्यांच्या नव्हत्या त्यांनी तळवे पोटरीला पुसले. मग बाकाला हात लावून तो कपाळाला नेला आणि एकेक जण वर चढला.

गोष्ट आर्वीच्या शाळेतली, पन्नासच्या दशकातली. मी तिथे इंग्रजीचा टेंपररी मास्तर. साहेबांच्या रिमार्कवर मला कन्फर्म करायचं की घरी पाठवायचं, हे ठरणार होतं. माझ्या लग्नाला तीन महिने झाले होते आणि सासऱ्यांना मी आधीच कन्फर्म असल्याचं सांगून बसलो होतो.

तेव्हा डायरेक्ट मेथडची टूम होती. इंग्रजीच्या तासाला मराठी शब्द काढायचा नाही, अर्थ करून दाखवायचा. धड्यात एम्बार्क आलं. एम्बार्क म्हणजे जहाजावर चढणं. झाडावर किंवा छपरावर चढण्याला ते चालत नाही. आता समुद्रापासून शेकडो मैल लांब आर्वीत जहाज कुठून आणू? बाकांचं केलं. वहाणा काढा असं मात्र मी कधीच सांगितलं नव्हतं.

साहेब उठले. “जहाजावर चढताना कोणी वहाणा काढतं?”

“नाई काढत का जी?” साहेबांच्या शेजारी बसलेल्या हेडमास्तरांनी अगदी भाबडेपणानं विचारलं. “साहेब, तुमी गेलते का जहाजावर?”

“तो प्रश्न नाही. मुलांना क्रियापद चुकीचं शिकवलं आहे.”

पेन्सिल कागदाला टेकली.

बाकावरून गजानन म्हणाला, “साहेब, याच बाकावर आमी पुस्तकं ठेवतो. वहाणा घालून कसे चढू?”

“बाक नाही, जहाज समजायचं! थांब, मी करून दाखवतो.”

साहेब तरातरा बाकापाशी आले. मोठ्यानं “एम्बार्क” म्हणाले, खाली वाकले आणि बुटाची नाडी सोडू लागले. एक बूट निघाला. दुसरा निघाला. हात बाकाला लागला, तिथून कपाळाला गेला. वर चढून उभे राहिल्यावर त्यांची नजर आपल्या मोज्यांवर गेली. मी फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो, नाहीतर नोकरी तिथेच गेली असती.

रिमार्क आला: क्रियापद उत्तम शिकवलं आहे, कन्फर्म करावं. वहाणांबद्दल एक अक्षर नव्हतं.

पुढे तीस वर्षं मी एम्बार्क शिकवलं. जहाज अजून पाहिलेलं नाही. पण एक कळलं. साहेबांची चूक साहेबांना सांगायला जाऊ नये. त्यांची त्यांना करून दाखवू द्यावी.