बाणातला ण

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. शाळा सातवीत सुटली, किनवट सोडून पुण्यात पेंटरचं काम धरलं... दिवसभर शिडीवर उभं राहिलं की घाबरायलाही अंगात जोर उरत नाही.

खडकीच्या पुढे एक छोटं स्टेशन आहे. नाव लिहीत नाही, हे काम ज्या साहेबांनी दिलं, त्यांच्याकडेच अजून आहे. तिथल्या जुन्या तिकीटघराच्या भिंतीवर स्टेशनचा इतिहास रंगवायचा होता. कोळशाची इंजिनं इथे पाणी भरायला थांबायची, त्यामुळे स्टेशन झालं – असा मजकूर साहेबांनी कागदावर लिहून दिला होता. मागच्या कामात मी टाकीवर ‘पिन्याचे पानी’ लिहून ठेवलं होतं. तेव्हा साहेब म्हणाले होते, "आता एक अक्षर चुकलं, तर किनवटचं तिकीट मीच काढून देतो."

दुपारचे दोन. गाडी नुकतीच गेलेली, फलाट रिकामा. एकेक ओळ वाचून मी कागद परत खिशात ठेवत होतो. खडूने ‘पानी’ लिहिलं, ब्रश बुडवला... तेवढ्यात शेजारच्या बंद खिडकीतून म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला.

"अहो, पाणी. बाणातला ण. तुम्ही नळातला लिहिलात. इंजिनाला नळातलं चालायचं, मराठीला नाही."

वाटलं, आत कोणी क्लार्क असतील. म्हणालो, "उपकार झाले, काका."

"उपकार राहू द्या. खाली अजून तीन पाणी आहेत."

खिशातला कागद काढून बघितला. तीनच होती.

संध्याकाळी साहेबांनी भिंतीवर बोट ठेवून सगळं वाचलं. "कोणाकडून तपासून घेतलंस?"

मी खिडकी दाखवली. त्यांनी कुलूप काढून मला आत नेलं. खिडकी आतून विटांनी बुजवलेली, तिला टेकून छतापर्यंत सिमेंटची पोती.

"दमलायस तू. जेव आणि झोप," एवढंच म्हणाले.

दमलो होतो, खरं आहे. पण कागदावर बघूनही मी पानीच लिहिलं होतं, मग माझ्या दमलेल्या डोक्यात तो ण आला कुठून? आमच्याकडे सगळे पानीच म्हणतात, आईसुद्धा. काम टिकलं ते त्या आवाजामुळे. तो कुणाचा, ते अजून कळलेलं नाही.

शेवटच्या दिवशी सामान बांधल्यावर त्या खिडकीखाली खडूने मुद्दाम ‘पानी’ लिहिलं आणि तासभर बसून राहिलो. कोणी काही बोललं नाही.

मग मीच पुसलं, आणि नीट लिहिलं.