पायाने फिरवलेली पावडर

माझी माय तुमसरजवळच्या एका राइस मिलमध्ये धान फिरवायला जायची. उकडलेलं धान सिमेंटच्या पटांगणात पसरतात आणि ते सगळीकडून सारखं सुकावं म्हणून बाया त्यातून अनवाणी चालतात. पाय उचलायचे नाहीत, घासत न्यायचे. मागे सरीसारख्या रेघा उमटतात. खालून सिमेंट तापलेलं असतं आणि धानाची टोकं टोचत असतात. मायला ते काम सोडायचं होतं. तसं ती कधी सरळ बोलली नाही. पण बचत गटाच्या बैठकीत कपडे धुण्याची पावडर घरी बनवून विकायची गोष्ट निघाली, तेव्हा सगळ्यांच्या आधी तीच बोलली, "माही पोरगी सायन्सले हाय. तिले जमते."

मला जमत नव्हतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे बाटलीत किंवा पुडीत जे काही असेल ते मला ठाऊकच असणार, असं घरी सगळ्यांना वाटतं. मी मोबाइलवर व्हिडिओ पाहत होते आणि प्रत्येकाचं माप वेगळं होतं. कोणी म्हणे आधी सोडा घ्या, त्यावर स्लरी, म्हणजे फेस आणणारं आम्लाचं घट्ट रसायन, ओता. कोणी म्हणे आधी मीठ मिसळा. रात्री जेवताना, सकाळी बसमध्ये, माझ्या डोक्यात तेच घोळत राहायचं. शेवटी तास संपल्यावर मी केमिस्ट्रीच्या सरांना दाराशी गाठलं.

"सर, सोडा आणि स्लरी... घरी मिसळलं तर चालतं का?"

सर फळा पुसत होते. म्हणाले, "चालतं. हातमोजे घाला. आणि पावडर ओली असेपर्यंत अंगाला लागू देऊ नका."

मला अजून खूप विचारायचं होतं, पण तेवढ्यात पुढच्या वर्गाची मुलं आत शिरली आणि मी बाजूला झाले.

रविवारी गटाच्या बाया आमच्या अंगणात येऊन पावडर पाहणार होत्या आणि हो की नाही ते ठरवणार होत्या. नाही म्हटलं असतं, तर गट पुन्हा पापडांकडे वळला असता आणि माय मिलकडे. आदल्या दिवशी आम्ही घमेल्यात सोडा घेतला आणि काकवीसारखी घट्ट, काळपट स्लरी त्यात हळूहळू सोडली. मिश्रण फसफसलं, गरम झालं, मग त्याचे गोळे होऊ लागले. मी लाकडाने ढवळत होते आणि सारखी थांबत होते.

"आता काय झालं वं?" माय विचारायची.

"काई नाई. पाहून राहिली."

"पाहशील तं ते गोठून जाईन. हलव."

सकाळी गोळे फोडून आम्ही ते अंगणात ताडपत्रीवर पसरलं. अजून ओलसरच होतं. बाया आल्या. मी चाळणी आणायला आत गेले आणि बाहेर एकदम हसण्याचा आवाज आला.

मायच्या हातात गुलाबी रबरी मोजे होते. लुगडं वर खोचलेलं. आणि ती ताडपत्रीवर अनवाणी, पाय घासत, पावडरीत रेघा ओढत चालली होती. थेट मिलच्या पटांगणात चालते तशी.

"अवं बाई, हे काय करून राहिली?" गटाच्या अध्यक्षबाईंनी विचारलं.

माय थांबली. खाली पाहिलं. आपण काय करतो आहोत ते तिच्याही तेव्हाच ध्यानात आलं असावं. तरी म्हणाली, "सुकवून राहिली."

"हाताले मोजे अन् पाय उघडे!" मासे विकणारी म्हातारी मावशी म्हणाली. "अर्धीच सजली वं नवरी!"

पुन्हा हशा झाला. अध्यक्षबाई मात्र हसल्या नाहीत. "हसू नका. गावात कळलं तं कोन घेईन? देवाचं कापड धुवाचं, लेकराचं धुवाचं, अन् त्याच्यात हिचे पाय?"

माझ्या कानात सरांचं बोलणं वाजत होतं. "माय, बाहेर ये. आधी पाय धू." ती हलली नाही.

"तुमी रोज जेवता तो तांदूळ आमी हातानं फिरवतो का?" ती अध्यक्षबाईंना म्हणाली. "मिलचा सारा धान माह्या पायाखालून जाते. तेव्हा कोनाले देव आठवत नाई."

मग मावशी म्हणाली, "बाप्पा! मंग माह्या पोटात हिचे किती पाय गेले असतीन?"

या वेळी अध्यक्षबाईही हसल्या. मी मायचा हात धरून तिला ओढतच मोरीपाशी नेलं आणि पायांवर पाणी ओतलं. फेसच फेस. घोट्यांपर्यंत पांढरा. मी अजून पाणी ओतत होते आणि मागे बाया वाकून पाहत होत्या.

"फेस तं चांगला येते," कोणीतरी म्हणालं.

बोटांच्या बेचक्यांत कातडी लाल झाली होती. "जळते का?" मी विचारलं.

"नाई."

मिलच्या सिमेंटवर घासून निबर झालेल्या तळव्यावर मी बोट दाबलं. "हे कळते का?"

"सोड ना," ती म्हणाली आणि पाय मागे घेतला.

मावशीने आपल्या मासोळीच्या टोपल्याखालचं फडकं धुवायला दिलं. धुऊन पिळल्यावर तिने ते नाकाशी नेलं. "थोडा वास हाय. पन तो माहाच असन."

अध्यक्षबाई म्हणाल्या, "करू. पन लाकडी दाताळ्यानं फिरवाचं. पाय नाई."

मायने मान हलवली, मोजे काढले आणि तिथूनच मिलच्या मुकादमाला फोन लावला. उद्यापासून येत नाही म्हणून सांगून टाकलं. एक पुडाही विकला नव्हता.

"माय, आधी थोडी विकून तं पाहू," मी हळूच म्हटलं.

"काहून? तुले भरोसा नाई का?"

मी चाळणी उचलली. खरं सांगायचं तर नव्हता.

सोमवारी सकाळी मिलचा ऑटो चौकात थांबून हॉर्न वाजवू लागला. माय दारातूनच ओरडली, "माही जागा रिकामी हाय. पोरीले घेऊन जा कॉलेजले!" मी बसले. आजूबाजूला मिलच्या बाया, मांडीवर डबे.

"माय घरी बसून काय करन वं आता?"

"पावडर बनवन."

"चालन का ते?"

"हो," मी म्हटलं. फार मोठ्याने म्हटलं असावं, कारण ऑटोवाल्याने वळून पाहिलं.

मिल आधी आली. बाया उतरल्या. पटांगणात धानाच्या ढिगांतून वाफ निघत होती. कडेला सगळ्यांनी चपला काढल्या आणि पदर खोचत आत गेल्या. ऑटोवाला उतरून पान खात उभा होता.

"चला ना दादा," मी पटांगणाकडे पाठ फिरवत म्हटलं. "उशीर होऊन राहिला."

उशीर होत नव्हता.