सवण्यातलं ऊन

आधीच सांगते, भूत-भानामती मी कधी मानली नाही. कुणाच्या अंगात येऊन घुमणं सुरू झालं की मी सरळ उठून भाकरी थापायला जायची. तरीही हे लिहितेय... हसायचं तर हसा.

लढाई संपून दोन-तीन वर्षं झाली होती. ह्यांच्या पलटणीतल्या पगारावर आम्ही विट्याला माळवदाचं घर बांधलं, आमचं पहिलं. मातीच्या छताला उजेडासाठी भोक ठेवतात, त्याला सवणं म्हणतात. दुपारी त्यातून भाकरीएवढं ऊन खाली पडायचं आणि हे पाट टाकून तिथंच बसायचे. मी करवादायची, "आवं, सरका की! मला सारवायचं हाय."

मग ह्यांच्या छातीचं दुखणं निघालं. मिरजेचे डॉक्टर म्हणाले, विलायती इंजेक्शनं लागतील. पाटल्या आधीच मोडल्या होत्या, राहिलं घर. आमची नड सगळ्यांना दिसत होती, मग भाव कोण देतंय? बांधायला लागले त्याच्या निम्मेच आले. गुळाचे व्यापारी आण्णा, त्यांनी घेतलं. खरेदीखत वाचलं – झाडं, पाणी, दगड, लाकूड, सगळ्यासकट. ह्यांनी खोकत सही केली. किल्ली देताना मी रडले नाही, मोटारीत बसल्यावर रडले.

मिरजेच्या दवाखान्यात, वॉर्डात ह्यांची खाट आतल्या भिंतीला. वर कौलं, त्याखाली अख्खी लाकडी तक्तपोशी. दुसऱ्याच दुपारी बघते तर पांघरुणावर ऊन... भाकरीएवढं!

"आलं बघ," हे हसले.

मी स्टुलावर चढून फळ्या चाचपल्या. चीरसुद्धा नाही. उन्हात हात धरला तर तळवा तापला. नर्स म्हणाली, खिडकीतून येत असेल. अगं बाई, खिडकी व्हरांड्यात उघडते!

ऊन रोज यायचं. पंधरवड्यानं आण्णा आले, मोसंबी घेऊन, पण चिडलेले.

"वैनी, खतात झाडं-पानी समदं लिवलंय. ऊन तेवढं तुमी घिऊन आलासा व्हय? सवण्यातनं आभाळ दिसतंय, पर खाली अंधार. आमची मंडळी भर दुपारी दिवा लावती!"

बोलता बोलता त्यांची नजर पांघरुणावर गेली. मग मोसंबी उशाशी ठेवत म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. आमाला काय घाई न्हाई."

पैसे संपले, इंजेक्शनं संपली आणि एका सकाळी हे गेले. दुपारी रिकाम्या खाटेशी मी वाट बघत बसले. ऊन आलं नाही.

दिवसकार्य झाल्यावर आण्णांचा निरोप आला, "ऊन परत आलंय. एकदा येऊन जावा."

गेले. त्यांच्या बायकोनं सवण्याखाली पाट मांडला. तेच ऊन, तेवढंच. मी बसले आणि परक्याच्या घरात पोटभर रडले.

थोड्या वेळानं ती हळूच म्हणाली, "वैनी, सरकून नीट बसा की. निम्मा पाट मोकळाच हाय."

"असू द्या," म्हटलं.

हे सगळं कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. तक्तपोशी तर मी माझ्या हातांनी चाचपली होती.