निमाआत्याच्या डिकीतला डग्गा

शेवटच्या भेटीत निमाआत्याने मला गाडीचं दार पुन्हा पुन्हा लावायला लावलं. ती स्वतः गाडीच्या मागे प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसली होती, बंपरच्या कोपऱ्याखाली तळहात धरून. मी दार लावलं की ती डोळे मिटायची, हाताला झुळूक लागली की तिचा चेहरा उजळायचा आणि मान वर न करताच ती म्हणायची, "आली! मनू, अजून एकदा." पहिल्या मजल्यावरून वैद्यकाकू बघत होत्या, वॉचमन बघत होता आणि मला घरी जायची घाई होती... पुढच्याच आठवड्यात एका सकाळी वैद्यकाकूंचा फोन आला. आत्या झोपेतच गेली होती. त्याला आता महिना होऊन गेला. भेटायला येणारे हळू आवाजात बोलतात आणि मला मात्र तिच्याबद्दल ओरडून सांगावंसं वाटतं. सवयच आहे तशी, गेली काही वर्षं तिच्याशी बोलायचं म्हणजे ओरडावंच लागायचं.

निमाआत्या माझ्या बाबांची धाकटी बहीण. विमा कचेरीत क्लार्क म्हणून लागली आणि अधिकारी होऊन निवृत्त झाली. लग्न केलं नाही, भोईवाड्यातल्या दोन खोल्यांत एकटी आणि मजेत राहिली. कचेरीत बायकांचं भजनी मंडळ होतं, त्यात ती तबला-डग्गा वाजवायची. "पेटीसाठी रांग होती गं, डग्ग्याला कोणी विचारत नव्हतं, म्हणून मी बसले," असं ती सांगायची, पण ते काही खरं नव्हे. त्या घुमणाऱ्या आवाजावर तिचा जीव होता. नुसती भाजी निवडत असली तरी डावा हात ताटाच्या काठावर चालायचा. पुढे कान गेले. वरच्या पट्टीचे आवाज गेलेत, खालच्या पट्टीचे थोडे शिल्लक आहेत, असं डॉक्टर म्हणाले. कानातल्या मशीनने माणसांचं बोलणं कळायचं, पण डग्गा पत्र्याच्या डब्यासारखा वाजायचा. अशातच सोसायटीच्या गणपतीत, आरती संपल्यावर, वैद्यकाकूंनी सगळ्यांदेखत सांगितलं, "निमाताई, तुमचा डग्गा उतरलाय हो." काकूंचा कान तयार आणि जीभ त्याहून तयार. आत्याने काही वाद घातला नाही. घरी जाऊन डग्गा जुन्या चादरीत बांधला आणि माळ्यावर टाकला. "ज्याला स्वतःचं बेसूर कळत नाही ना, त्याने हात लावू नये," एवढंच म्हणाली. मला फार वाईट वाटलं. वाद्य तिच्या हातात होतं म्हणून कान जाण्याचं दुःख तिला शिवलं नव्हतं, आणि आता तेच माळ्यावर गेलं होतं.

मग तो परळ नाक्याचा सिग्नल! तिची गाडी मी चालवत होते, ती शेजारी. बाजूला एक काळी गाडी येऊन थांबली आणि आतल्या गाण्याने आमच्या काचा थरथरायला लागल्या. मी मनातल्या मनात शिव्या घालत होते, तेवढ्यात आत्याने माझं मनगट गच्च धरलं. दुसरा हात तिच्या छातीवर होता. "मनू, धा वाजतोय गं... इथे!" मी काही म्हणायच्या आत तिने काच खाली केली आणि त्या दाढीवाल्या पैलवानाला हाक मारली, "बाळा, हे काय बसवलंयस रे?" तो बिचारा ओशाळला. "सॉरी आजी, बंद करतो." "बंद नको करूस! कुठे बसवतात ते सांग!" सिग्नल सुटला, मागचे हॉर्न मारायला लागले, तो ओरडून सांगतोय, "सबवूफर, आजी! नायगावला, सलीमभाईकडे!", आत्याला ते ऐकू येत नाहीये, म्हणून मीही ओरडतेय... अख्ख्या नाक्याला त्या दिवशी सलीमभाईचा पत्ता कळला असेल.

सलीमभाईने विचारलं, "आजी, कुठलं म्युझिक ऐकता?" "भजन," आत्या म्हणाली. त्याने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. डिकीत, मागच्या सीटला चिकटून, वूफरचा भला मोठा लाकडी खोका बसला आणि भाजीच्या पिशव्यांची जागा कायमची गेली. मंडळाच्या जुन्या कॅसेटवरची भजनं मी पेनड्राइव्हवर घेऊन ठेवली होतीच. आत्या मागच्या सीटवर पाठ टेकून बसली. पहिली थाप पडली आणि ती दचकली, मग हसली, मग रडायला लागली. मला वाटलं, आता पुरे करावं. तर तिने बोट वर केलं. "थांब, थांब... इथे बघ, इथे मी घसरले होते!" मी मागे नेऊन पुन्हा लावलं. खरंच, एक थाप उशिरा पडली होती. स्वतःची कित्येक वर्षांपूर्वीची चूक तिने पाठीने पकडली होती! मला त्या दुकानातच नाचावंसं वाटलं.

त्यानंतर रोज संध्याकाळी कंपाउंडात उभ्या गाडीत आत्याचं भजन सुरू झालं. आवाज बेताचाच असायचा, पण चार-पाच दिवसांत वैद्यकाकू खाली आल्या. "निमाताई, तुमचा डग्गा छान आहे हो, पण गाडी खडखडते." आत्याला ती खडखड ऐकूच येत नव्हती. ती पांढरीफटक पडली. पुन्हा तेच, आपण बेसूर वाजतोय आणि आपल्यालाच पत्ता नाही. सलीमभाईने डिकीचं आतलं पॅनेल काढून दाखवलं, की मागच्या बाजूला बंपरच्या आड कंपनीच्याच रबरी झडपा असतात, गाडीतली हवा बाहेर जायला. वूफरचा दणका बसला की त्या फडफडतात. "एखाद दिवशी बघतो काय करायचं ते," तो म्हणाला. आत्याला कुठला दम निघायला! तिने जुन्या सुती साडीचे बोळे केले आणि झडपा ठासून बंद केल्या. खडखड थांबली, पण आता दारं लागेनात. ढकललेलं दार उसळून मागे यायचं. आत्या आपटायची, पुन्हा आपटायची, आणि आपटल्याचा आवाज काही तिला कळायचा नाही. वॉचमन हात जोडायचा बाकी राहिला. त्यात काचा बंद ठेवल्या की त्या आतून धुरकटायच्या.

हे तिनेच सोडवलं. एकदा काच चुकून उघडी राहिली होती आणि दार एका बोटाने लागलं. आत्या दारात तशीच उभी राहिली. काच वर करून दार लावून बघितलं, काच खाली करून बघितलं. आणि मला फोन करून जी ओरडली, "मनू! हवेला जायला वाटच नाही गं! मीच अडवून ठेवलीय!" रविवारी मी पोचले तेव्हा बोळे निघाले होते आणि प्रत्येक झडपेच्या कडेला साडीच्या बारीक पट्ट्या चिकटवल्या होत्या. झडप उघडणार, पण टेकताना मऊ टेकणार. ते बरोबर जमलंय हे कानाला कळणार नव्हतं. म्हणून ती बंपरखाली तळहात धरून बसली आणि मला म्हणाली, दार लाव. "आली!" ती लहान मुलीसारखी ओरडली. तेव्हापासून दर रविवारी हा कार्यक्रम ठरलेला.

त्याच दुपारी तिने मला माळ्यावर चढवलं. डग्गा खाली आला. तळहात पुडीच्या कातड्यावर ठेवून, एकेक थाप मारत, तिने तो हाताने लावला आणि गाडीत मांडीवर घेऊन जुन्या आत्याबरोबर नवी आत्या वाजवायला लागली. मी बाहेरून काचेतून बघत होते. मी इतकी खूश होते, की माझ्याकडे कोण बघतंय याचं मला भान नव्हतं. गणपतीत ती पुन्हा आरतीला बसली. आरती संपली, आणि डग्ग्यावरचा हात न काढता तिने आधी वैद्यकाकूंकडे बघितलं. काकूंनी टाळ खाली ठेवले, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आज कुठेही खडखडलं नाही." आत्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. प्रसादाचा मोदक तिने कितीतरी वेळ नुसता हातातच धरून ठेवला होता.

आता गाडी माझ्याकडे येणार. "तो खोका काढून टाक, सामान कुठे ठेवायचं?" असं घरचे म्हणतात. त्यासाठीच परवा मी भोईवाड्यात गेले. पॅनेल सरकवलं. साडीच्या निळ्या पट्ट्या जागच्या जागी होत्या, एकीचंही टोक सुटलेलं नव्हतं. मी पॅनेल परत लावून टाकलं. वैद्यकाकू खाली आल्या होत्या. त्यांना म्हटलं, जरा दार लावता का? त्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. मी मागे जाऊन आत्याच्या स्टुलावर बसले आणि बंपरच्या कोपऱ्याखाली हात धरला. काकूंनी दार लावलं. तळहातावर हवा आली, ऊन आणि मऊ... मला मान वर करवेना.

"काकू," मी म्हटलं, "अजून एकदा."