दादाची आबिड्सची नोकरी

माझ्या थोरल्या भावाला हैदराबादेत आबिड्सच्या एका कचेरीत नोकरी होती, असं आमच्या काचीगुड्याच्या गल्लीत सगळ्यांना मी सांगितलं होतं. नोकरी मीच लावली. लावायला काही कष्ट पडले नाहीत, कारण कचेरीही माझ्याच डोक्यातली होती. अकरा वर्षांत मी त्याला दोन बढत्या देऊन कारकुनाचा हेडक्लार्क केला. मधे तो तीन आठवडे इस्पितळात होता, तेव्हा त्याला नागपूरला ट्रेनिंगला पाठवला. दोन्ही बढत्यांना पेढे वाटले. दुसऱ्या बढतीला तर इतके वाटले की गल्लीतल्या मुंग्यांना मधुमेह झाला.

खरं म्हणजे दादा रोज सकाळी डबा घेऊन बसने गौलीगुड्याला जायचा. तिथे एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर मानसिक आजार असलेल्या माणसांसाठी दिवसभराचं केंद्र आहे. कागदी पिशव्या करायच्या, कॅरम खेळायचा, गोळ्या वेळेवर घ्यायच्या, कालचा माणूस आज का आला नाही याची चौकशी करायची. हे केंद्र सापडण्याआधी दादा दोन वर्षं मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसून होता. त्या दोन वर्षांबद्दल मला आजही एक थाप सुचत नाही.

यंदाच्या पावसात केंद्राचं छत गळायला लागलं. घरमालक म्हणाला, दसऱ्याच्या आत दुरुस्त करा, नाहीतर जागा सोडा. दादाने घरी येऊन एवढंच सांगितलं, जेवला, आणि मागच्या खोलीत जाऊन बसला. माझं धाबं दणाणलं.

आमच्या हैदराबादेत विसर्जनाआधी गणपतीच्या हातातल्या लाडवाचा लिलाव होतो. आमच्या मंडळाचा लाडू असा की पायाशी बसलेल्या उंदराला दहा दिवस ऊन दिसत नाही. मंडळाच्या सेक्रेटरी म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या काकू. यंदाचे पैसे समाजकार्याला द्यावेत, असं मी त्यांच्या गळी उतरवलं.

"कुणाला द्यायचे?" काकूंनी विचारलं.

"गरजूंना," मी म्हणालो. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि वहीत तसं लिहून घेतलं.

विसर्जनाच्या सकाळी काकूंनी माईक हातात घेतला. बोली सुरू झाली आणि दुसऱ्याच आकड्यावर अडून बसली.

"गरजू म्हणजे कोन, मियाँ?" कोपऱ्यावरच्या मेडिकल दुकानाचा अन्ना म्हणाला. "नाम तो बोलो."

"मोठी संस्था आहे. दिल्लीपर्यंत शाखा आहेत," मी म्हणालो.

"मग दिल्लीवाले देतील की," मागून कुणीतरी म्हणालं.

सगळे हसले. आरतीचं तबक धरून उभ्या असलेल्या दादाने ते खाली ठेवलं आणि काकूंकडून माईक मागून घेतला.

"गौलीगुड्याचं केंद्र आहे," तो म्हणाला. "मी तिथे जातो. मला स्किझोफ्रेनिया आहे. छत गळतंय." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आबिड्सला मी फक्त चपला घ्यायला गेलोय."

मूर्तीच्या मागे एक माणूस मावेल का, याचा मी अंदाज घेत होतो.

"झालं?" काकू दादाला म्हणाल्या. "आम्हाला काय माहीत नव्हतं होय रे? भाजीला जाते तेव्हा त्या जिन्यावर बघतेच की तुला."

"और गोळ्या किसके दुकान से जाते?" अन्ना म्हणाला.

मी विचारलं, "मग इतकी वर्षं कुणी बोललं का नाही?"

"पेढे चांगले असायचे," काकू म्हणाल्या.

त्यानंतर बोली अशी चढली की गणपतीने सोंड आवरून घेतली, हे मी स्वतः पाहिलं आहे. लाडू अन्नाने घेतला आणि टेम्पोत घालून थेट केंद्रावर पाठवला. दसऱ्याला चार दिवस असताना छत पक्कं झालं.

छत झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दादाने आबिड्सच्या नोकरीचा राजीनामा माझ्याकडे दिला, तोंडी.

"असा कसा सोडतोस?" मी म्हणालो. "थांब, पेन्शन तरी लागू करून देतो."

"नक्को," दादा म्हणाला. "पुन्हा पेढे वाटत बसशील." आणि डबा उचलून तो गौलीगुड्याची बस पकडायला गेला.